गादीरचे कालवा निरीक्षक

चांदगुडे अण्णा चहा उलट्या टोकाकडून वाटायचे. आमच्या कालव्याच्या ऑफिसात दुपारी चार वाजता चहा यायचा, आणि किटली हातात घेण्याचं काम अण्णांनी स्वतःकडे कधी घेतलं हे कोणालाच आठवत नव्हतं. बाकी सगळ्या ऑफिसांत चहा साहेबांपासून सुरू होतो. अण्णा दाराबाहेर बाकावर बसलेल्या, रानोरान पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्यापासून सुरू करायचे. मग शिपाई, मग टायपिस्ट, मग आम्ही कारकून मंडळी, आणि अगदी शेवटी किटलीच्या बुडाशी जे काही गार आणि चोथ्याचं उरलं असेल ते साहेबांच्या कपात. एका नव्या साहेबांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं की ही काय पद्धत आहे. अण्णांनी शांतपणे सांगितलं, "टेल टू हेड, साहेब. सरकारचंच परिपत्रक हाय."

परिपत्रक अर्थातच पाण्याचं होतं. कालवा बारामतीच्या अंगानं येऊन इंदापूरकडे जातो, आणि वाटेत जो तो आपल्या रानात पाणी ओढून घेतो. वरच्यांचे ऊस डोलतात आणि शेवटच्या टोकाला फुफाटा उडतो. म्हणून आवर्तन सुटलं की पाणी आधी शेपटाला न्यायचं, ते भिजलं की तिथलं गेट बंद करायचं आणि एकेक गेट करत वर मुखाकडे यायचं, असा नियम आहे. नियम आम्हा सगळ्यांनाच पाठ होता. अण्णांच्या तो अंगात भिनला होता. लग्नात वाढायला उभे राहिले की बुंदीची परात घेऊन आधी पार कोपऱ्यातल्या शेवटच्या पानाकडे जायचे आणि वराकडचे मानकरी रिकाम्या पानाकडे बघत बसायचे. एकदा असे मानकरी पानावरून उठायला निघाले तेव्हा मीच मध्ये पडून समजूत घातली होती.

अण्णा जाऊन दीड वर्ष झालं. अर्धी नोकरी मी त्यांची टर उडवण्यात घालवली, तेव्हा त्यांच्याविषयी लिहायचं झालंच तर ते मीच लिहायला हवं.

अण्णा मूळचे सुप्याचे. सुपं माळावर, कालव्याच्या वरच्या अंगाला, त्यामुळे कालवा तिथल्या लोकांना नुसता ऐकून ठाऊक. टँकरची वाट बघत मोठा झालेला हा माणूस जन्मभर दुसऱ्यांच्या रानात पाणी सोडत फिरला. त्यावरून कोणी डिवचलं तर म्हणायचे की गेटची चावी तहानेल्याच्याच हातात द्यावी, तो पाणी सांडत नाही. उंच, काटक, बारा महिने काळी छत्री बरोबर, आणि खिशात दोन पेनं. एक लिहिणारं, आणि दुसरं कोणी मागितलं तर द्यायचं. बोलणं मोजकं. काही समजावून सांगायचं असलं की ते ग्लासातल्या पाण्यात बोट बुडवायचे आणि टेबलाच्या काचेवर नकाशा काढायचे. हा कालवा, ही चारी, हा ओढा, हितं मोरी. मुलीच्या लग्नाचा मांडव कुठे घालायचा हेसुद्धा त्यांनी माझ्या टेबलावर असंच काढून दाखवलं होतं आणि माझ्या दोन फायली भिजवल्या होत्या. मनातलं तोंडानं सांगणं मात्र त्यांना कधी जमलं नाही. वहिनी सांगायच्या की यांनी मला पसंत केलंय हे मला यांच्या मामांकडून कळलं.

आणखी एक खोड होती. चारी, म्हणजे कालव्यातून रानाकडे पाणी नेणारा फाटा, तपासायला गेले की मोटारसायकल मोरीच्या छोट्या पुलावर उभी करून पार शेवटच्या रानापर्यंत ते पायी जायचे. बाकीचे निरीक्षक मोरीवरूनच मान लांब करून बघायचे आणि डबा खायला बसायचे. नव्या पोरांना वाटायचं अण्णा जन्मापासून असेच काटेकोर आहेत. तसं नव्हतं. ही खोड त्यांना एका दुपारनंतर लागली, आणि ती हकीकत मला चांगली माहीत आहे.

इंदापूर तालुक्यात एका चारीच्या अगदी शेवटी आबा गलांडे यांचं रान. दोन एकर डाळिंब, आबांच्या मालकिणीनं हातानं लावलेलं आणि पहिला उन्हाळा कळशीनं पाणी घालून जगवलेलं. बागेनं पहिल्यांदा फुलं धरली त्या वर्षीचं उन्हाळी आवर्तन होतं. पाणी नियमाप्रमाणे आधी शेपटाला सोडलं होतं. शेपूट भिजल्याची खात्री करायची, दैनंदिनीत तसं लिहायचं आणि गेट बंद करायचं हे अण्णांचं काम. ते मोरीवर आले. तिथून पुढे चारी बाभळींतून तीन फर्लांग वळत जाते. वळणावर पाणी चमकताना दिसलं. ऊन मरणाचं होतं, गाडी पंक्चर झाली होती आणि वरच्या चारीवर लोक गेटपाशी खोळंबले होते. अण्णांनी मोरीवरच वही उघडली, 'टेल भिजले' असं लिहिलं, गेट बंद केलं आणि माघारी फिरले.

चमकत होतं ते तुंबलेलं पाणी होतं. पुढे गाळात बाभळीची फांदी अडकून चारी फुटली होती आणि सगळं पाणी ओढ्याला जात होतं. आबांच्या बागेत थेंबही गेला नाही. पुढचं आवर्तन यायला महिन्याच्या वर दिवस गेले, तोवर बाग उभी वाळली.

आबा ऑफिसात आले. मी तेव्हा नोकरीत नवी होते, आता आरडाओरडा होणार म्हणून आधीच पाण्याचा ग्लास पुढे केला. त्यांनी आवाजसुद्धा चढवला नाही. त्या दिवसाची दैनंदिनी बघायला मागितली. मी कपाटातून काढून दिली. अण्णांच्या सुवाच्य अक्षरातली ती ओळ त्यांनी बोट ठेवून वाचली, वही मिटून माझ्या हातात दिली आणि अण्णांच्या टेबलासमोरून त्यांच्याकडे न बघता निघून गेले. कागदावर आबांची बाग त्या दिवशी भिजलेली आहे, आणि तो कागद अजून रेकॉर्डला आहे. त्यामुळे अण्णांवर काही कारवाई झाली नाही. झाली असती तर बरं वाटलं असतं, असं ते मला एकदा म्हणाले.

त्या दिवसापासून आबा अण्णांशी एक शब्द बोलले नाहीत. दर आवर्तनाला अण्णा मोरीवर गाडी ठेवून ते तीन फर्लांग चालत जायचे. ते येताना दिसले की आबा पाण्याचा तांब्या भरून ओट्यावर ठेवायचे, कारण दारी आलेल्याला पाणी न देणारं ते घर नव्हतं, आणि आत जाऊन दार लोटून घ्यायचे. अण्णा उभ्यानं पाणी प्यायचे, तांब्या पालथा घालायचे आणि परत यायचे. पहिल्या वर्षी त्यांनी बंद दाराकडे तोंड करून "आबा, चुकलं माझं" असं म्हणून पाहिलं होतं. असं वीसएक वर्षं चाललं. बढती, बदली, घर, कशासाठीही अण्णा तळमळलेले मी पाहिले नाहीत. त्यांना एकच हवं होतं, मरायच्या आधी आबांनी आपल्याशी एकदा बोलावं. शिव्या दिल्या तरी चालतील, म्हणायचे.

निवृत्त झाल्यावर अण्णा आणि वहिनी बारामतीत आमच्या घरापासून तिसऱ्या घरात राहायला आले. आता इथे मला एक कबुली द्यायला हवी. आमच्या घरात व्हिडिओ गेमचा नाद मुलीला नाही, मला आहे. रश्मीनं स्वतःसाठी लॅपटॉपवर एक गेम आणला होता, तो तिनं महिनाभरात सोडला आणि मी धरला. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीचा भूमध्य समुद्र, त्याच्या काठाच्या सगळ्या जुन्या सत्ता, त्यातली एक आपण घ्यायची. शहरं वाढवायची, त्यांना धान्य पुरवायचं, फौजा उभारायच्या आणि बाकीच्यांशी झुंजायचं. बाकीच्या सत्ता कॉम्प्युटर चालवतो. मी नेहमी रोम घेते. मला जिंकायला आवडतं, आणि जन्मभर दुसऱ्यांच्या सहीसाठी फायली पुढे केलेल्या बाईला एखादं साम्राज्य असायला काय हरकत आहे?

एका रविवारी सकाळी अण्णा भाजीची पिशवी घेऊन डोकावले आणि माझ्या खुर्चीमागे तासभर उभे राहिले. समोर नकाशा होता ना. मध्ये सगळं पाणी आणि चहूकडून काठाला गावं, असा नकाशा त्यांनी कधी पाहिला नव्हता. एवढा साठा कुणाच्या ताब्यात आहे, असं त्यांनी विचारलं. पाणी खारं आहे म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला, पण ते हलले नाहीत.

रश्मी सुट्टीला आली होती. तिनं त्यांना खुर्ची दिली आणि एकेका सत्तेची ओळख करून द्यायला लागली. अण्णांनी प्रत्येकीला आमच्या पट्ट्यातला माणूस शोधून दिला. रोम म्हणजे गेटाला लागून असलेला बागायतदार, याला आवर्तनाशी काही घेणंदेणं नाही, याचं गेट कधी बंदच होत नसतं. स्पार्टा म्हणजे तालमीतली पोरं, बांधावरच्या भांडणाला सगळ्यात पुढे, पण घरात दाणे कोण आणणार? इजिप्त नदीकाठचा, नदीच दारातून वाहते, त्याला आपलं दुखणं सांगून उपयोग नाही. मॅसेडोनचं ऐकून हळहळले. थोरला अकाली गेला आणि मागच्यांनी नुसत्या वाटण्या मांडल्या, म्हणाले. सिराक्यूज म्हणजे दोन मोठ्या बागायतदारांच्या मध्ये सापडलेलं एक एकर. त्याची तर त्यांना फारच काळजी वाटली.

मग कार्थेज आलं. रश्मीनं सांगितलं की हे व्यापारी लोक, यांच्याकडे जहाजं आहेत, हत्ती आहेत, पण यांची ठाणी समुद्राच्या काठानं फार लांबवर पसरली आहेत. अण्णांनी बोट नकाशावरून डावीकडे सरकवत सरकवत नेलं, पार समुद्र संपून महासागर लागतो तिथवर. तिथे एक लहानसा ठिपका होता. हे गाव कोणाचं, त्यांनी विचारलं. गादीर, रश्मी म्हणाली, कार्थेजचंच, राजधानीपासून सगळ्यात लांबचं.

"मग आमी हेच घेतो," अण्णा म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून ते रोज दहाला हजर, मी ऑफिसला गेले की रश्मीजवळ, आणि संध्याकाळी मी परतले तरी खुर्चीतच. आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, छत्री घेऊन, ड्युटीवर आल्यासारखे. इंग्रजी अक्षरं लावायला वेळ लागायचा म्हणून झेंड्यांच्या रंगांवरून ते सत्ता ओळखायचे. चाल संपवायचं बटण दाबताना न चुकता "आवर्तन संपलं" म्हणायचे. आणि प्रत्येक चालीत सगळ्यात आधी गादीर. तिथे कोठार बांधलं, तट बांधला. पाणी आणणारा पाट बांधायची सोय त्या गेममध्ये आहे हे कळल्यावर तर दोन दिवस दुसरं काही केलं नाही. पाटानं शत्रू अडत नाही, असं मी म्हटलं तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी चहा टाकायला उठले. राजधानीतले हत्ती काढून गादीरकडे पाठवले. ते हत्ती बिचारे आफ्रिकेच्या काठाकाठानं कितीतरी चाली चालत होते. मग सगळ्यात चांगला सेनापती पाठवला. राजधानीचं काय, असं रश्मीनं विचारलं तर म्हणाले, मुखाला काय कमी असतं?

मुखाला सगळंच कमी होतं. राजधानीतले लोक उपाशी, त्यांनी दंगे केले, आणि तेवढ्यात कॉम्प्युटरचं रोम तीन फौजा घेऊन किनाऱ्याला लागलं. आत दोन तुकड्या आणि एक म्हातारा सरदार होता. कार्थेज पडलं. मी स्वतः रोमवाली असूनही मला वाईट वाटलं. अण्णांनी मात्र नकाशा डावीकडे सरकवून गादीर बघितलं. कोठार भरलेलं, पाट वाहता, तटाशी हत्ती उभे. त्यांनी समाधानानं मान हलवली आणि नवा डाव मांडला. असे पाच डाव झाले. पाचही वेळा राजधानी गेली आणि पाचही वेळा गादीर जेवूनखाऊन सुखी होतं.

पाचव्या खेपेला मी चिडले. जेवणाच्या टेबलाशी बसलो होतो. मी म्हटलं, अण्णा, तुम्ही खेळत नाही, प्रायश्चित्त घेताय, आणि त्यात त्या राजधानीतल्या लोकांचा हकनाक बळी देताय. ग्लासात बोट बुडवून त्यांनी टेबलावर एक रेघ काढली, रेघेवर मोरीची आडवी खूण केली, पुढे एक वळण काढलं. मग मोरीपासून रेघेच्या टोकापर्यंत दोन बोटं पावलांसारखी चालवत नेली.

"पंधरा मिन्टं लागत्यात, मॅडम," ते म्हणाले. "चालत गेलं तर पंधरा मिन्टं."

आणि शर्टाच्या बाहीनं सगळं पुसून टाकलं. लोकांची टर उडवायची माझी सवय मला त्या दिवशी पहिल्यांदा बोचली.

पुढे अण्णांची तब्येत उतरली. छातीचं दुखणं निघालं, गाडी चालवायला मनाई झाली. थंडी संपता संपता एके दिवशी त्यांनी मला विचारलं की आबांकडे नेऊन सोडाल का, आणि येताना लॅपटॉप घ्याल का. लॅपटॉप कशाला, असं मी विचारलं. बोलायला जमत नाही, दाखवता तरी येईल, म्हणाले. ऐंशी ओलांडलेल्या शेतकऱ्याला व्हिडिओ गेम दाखवून माफी मागायची ही कल्पना मला शुद्ध वेडेपणाची वाटली. तरी मी रजा टाकली. वीस वर्षं जो माणूस एका शब्दासाठी झुरतोय त्याला वेडेपणा करू नका असं सांगायची माझी छाती नव्हती.

माझ्या गाडीत ते मागच्या सीटवर बसले, पुढे बसा म्हटलं तरी. निमगाव केतकीच्या अलीकडे रस्त्याला लागून डाळिंबाच्या बागा सुरू झाल्या तेव्हा त्यांनी मान दुसऱ्या बाजूला फिरवली. गाडी आबांच्या घरापर्यंत जात होती, आता चांगला रस्ता झाला होता, पण त्यांनी मोरीवरच थांबवायला लावली. तीन फर्लांगांना आम्हाला अर्धा तास लागला. दोनदा ते बाभळीच्या सावलीला बसले आणि दोन्ही वेळा मी परत फिरू म्हटलं.

आबा ओट्यावर खाट टाकून बसले होते. अण्णांना बघून ते उठायला गेले, पण गुडघ्यांनी साथ दिली नाही. आत जाऊन दार लोटून घेणं आता त्यांच्या हातात राहिलं नव्हतं. त्यांनी सुनेला हाक मारून पाणी आणायला सांगितलं आणि तोंड भिंतीकडे केलं. मालकीण जाऊन तोवर चार वर्षं झाली होती, ते मला सुनेकडून कळलं. अण्णा खाटेजवळ पायरीवर बसले. मी लॅपटॉप उघडून दोघांच्या मध्ये ठेवला. गावात वीज गेलेली होती आणि बॅटरी निम्म्याच्या खाली होती, म्हणून मी लवकर आटपा अशी खूण केली.

अण्णा बोलायला लागले, आबांकडे न बघता, पडद्याकडे बघत. "आबा, ही राजधानी. आन् हे लांब, हे गादीर. पार शेवटचं गाव. हितं मी आदी धान्य धाडतो. मग हत्ती. मग बाकीच्यांचं बगतो. पाच येळा राजधानी गेली, पर हे गाव कवा उपाशी ऱ्हायलं न्हाय." इतकं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. बोलून झाल्यावर त्यांनी हात मांडीवर ठेवले. आता पुढे काय करायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि मलाही नव्हतं.

आबांनी हळूहळू तोंड वळवलं. बराच वेळ नकाशा बघितला. मग मला विचारलं की राजधानी जाते म्हणजे काय होतं. मी सांगितलं, दुसरा ती जिंकून घेतो. मग शेवटच्या गावाला धान्य कुठून येतं? येत नाही, मी म्हटलं, कोठारात असेल तोवर पुरतं.

आबा अण्णांकडे वळले.

"मग काय उपेग, चांदगुडे? मुखालाच न्हाय तर शेपटाला कुठनं यील? येवढी नोकरी केली, येवढं कळंना व्हय तुमाला?"

अण्णांनी तोंड उघडलं. आबांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"गप ऱ्हावा. आता मी बोलतोय. आमाला आदी नको व्हतं. दुसऱ्याचं काढून तर मुळीच नको. आमच्या वक्ताला आमचं, येवढंच. बाग गेली त्याचा मला राग न्हाय. बाग दुस्काळात बी जाती. तू चालत आला न्हाईस, त्याचा हाय. मालकीण बांदावर उबी व्हती. मोरीवर तुजी छत्री दिसली तवा मला म्हनली, आला बगा मानूस, आता दावू त्याला चारी फुटल्याली. हात करत ऱ्हायली ती. आन् छत्री माघारी गेली."

आबा तुमीवरून तूवर आलेले होते, पण ते त्यांच्या लक्षातही आलं नसावं. अण्णा रडत होते, तोंड न झाकता, आवाज न करता. माझ्याही डोळ्यांना पदर लागला. 'टेल भिजले' ही ओळ ज्या वहीत होती ती मीच त्या दिवशी कपाटातून काढून आबांच्या हातात दिली होती, आणि बांधावर कोणी हात करत उभं होतं हे त्या वहीत नव्हतं.

"चुकलं, आबा," अण्णा म्हणाले.

"चुकलंच. ते हत्ती माघारी आण आदी राजधानीत."

आम्ही मायलेकी पाच डाव हेच ओरडून सांगत होतो. अण्णांनी डोळे पुसले आणि हत्ती गादीरहून उलटे फिरवले. आबांनी खाटेवरून वाकून ते चालताना बघितले. गादीरला किती धान्य ठेवायचं, मधल्या ठाण्यांना किती, हे त्यांनी एकेक ठाणं काठीनं दाखवत सांगितलं. वीसेक मिनिटांनी बॅटरी संपली आणि पडदा काळा झाला. त्यानं काही फरक पडला नाही, कारण आबा आता थांबणारे नव्हते. चारीचं गेट गळतं, नवा निरीक्षक गाडीची काच खाली करून बघतो आणि जातो, खालच्या मोरीचा पाइप बारा वर्षांपूर्वी चुकीच्या पातळीला घातला, तो घालताना चांदगुडे काय झोपले होते काय? इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं बाहेर येत होतं. सुनेनं दोनदा चहा केला.

आबांनी अण्णांना आठ दिवस ठेवून घेतलं. तिथूनच अण्णांची मुलगी त्यांना पुण्याला दवाखान्यात घेऊन गेली आणि अण्णा परत बारामतीला आले नाहीत. म्हणजे मला ते शेवटचे दिसले ते त्या दिवशी.

ऊन उतरायला लागलं तसं मी लॅपटॉप पिशवीत घातला आणि अण्णांना चला म्हटलं. ते पायरीवर मान खाली घालून बसले होते. वर खाटेवर आबा काठी आपटत त्यांना मूर्ख म्हणत होते, त्या पाइपावरूनच. अण्णांनी माझ्याकडे बघितलं. ऑफिसातल्या इतक्या वर्षांत, मुलीच्या लग्नातसुद्धा, इतका सुखी चेहरा मी त्यांचा पाहिला नव्हता.

"तुमी व्हा पुढं, मॅडम," ते हळूच म्हणाले. "आबांचं बोलणं अजून संपायचं हाय."